एकाच जागी दोन रंग

सकाळी त्यानं नेहमीसारखे हातमोजे चढवले, पट्ट्यापाशी आपल्या जागेवर उभा राहिला, आणि पहिलं खोकं स्कॅनरखालून सरकून गेलं तेव्हा आवाज आला नाही. दुसरं गेलं, तेही मुकाट्यानं. आधी त्याला वाटलं, आपल्याच कानात दडे बसलेत. त्यानं मान झटकली. पट्ट्याची घरघर ऐकू येत होती, समोर बसलेल्या वहिनींच्या हातातली चिकटपट्टी फरफर उलगडत होती, पलीकडं माल चढवणारे एकमेकांना शिव्या घालत होते. म्हणजे कान शाबूत होते. मग त्यानं वर पाहिलं. लोखंडी कमानीवर इतकी वर्षं बसलेला, कोपरे झिजलेला तो जुना स्कॅनर तिथं नव्हता. त्याच्या जागी साबणाच्या वडीएवढं काहीतरी चकचकीत बसवलेलं होतं, आणि शिडीला टेकून मेकॅनिक उभा होता, घरात बाळ जन्मल्यावर बाप उभा राहतो तसा. "हा बोलत नाही," मेकॅनिक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. जुन्याच्या त्या एकसारख्या टीं-टींनं वरच्या ऑफिसातल्यांची डोकी उठायची, म्हणून हा आणला. हा नुसता दाखवतो. मग त्यानं समजावून सांगितलं. माथ्यावर ओळीनं चार बारीक दिवे आणि एक बटण आहे, ते मेकॅनिकचं काम, त्याच्याशी बाकी कुणाचं देणंघेणं नाही. बाकीच्यांनी बघायचं ते खाली, खोक्यावर. लेबल वाचता आलं तर स्कॅनर खोक्यावर हिरव्या प्रकाशाचा टिपका टाकणार, नाही वाचता आलं तर लाल. हिरवा पडला की जाऊ द्यायचं. लाल पडला की उचलून वहिनींकडं द्यायचं, त्या नवं लेबल लावून परत पट्ट्यावर ठेवतील. "डोळे मिटूनही जमेल, दादा," मेकॅनिक म्हणाला, आणि सगळे हसले. तोही हसला. हसता हसता त्यानं खाली पाहिलं. एका खोक्यावर टिपका पडला. पुढच्या खोक्यावर टिपका पडला. दोन्ही टिपके शिळ्या चहाच्या रंगाचे होते.

त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. जन्मापासून कळत नसे, आणि हे जगात फार थोड्यांना ठाऊक होतं. चौकातल्या सिग्नलचं काही अडत नव्हतं; वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की चालायचं. फळं तो बोटानं दाबून घ्यायचा. दाराची घंटा, पाण्याचे नळ, गाड्यांचे क्रमांक, सगळ्या जगाचा पत्ता त्यानं जागेवरून लावून ठेवला होता: डावीकडचा, उजवीकडचा, वरचा, खालचा. आंधळ्या माणसाच्या घरात खुर्ची हलवली तर काय होतं, तसं आज झालं होतं. जगानं पहिल्यांदाच एकाच जागी दोन्ही रंग आणून ठेवले होते. जुन्या स्कॅनरशी त्याचं कसं छान जमलं होतं. वाचलं की टीं, नाही वाचलं की शांतता, आणि ती शांतता त्याला पाठमोरं असतानाही ऐकू यायची. बोलता बोलता, मागं न बघता तो बरोबर तेच खोकं उचलायचा. त्यावरून गोदामात त्याला 'घार' नाव पडलं होतं. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की हमखास त्याच्यापाशी थांबायचे आणि म्हणायचे, ह्यांच्या नजरेतून सुई सुटत नाही. तो खाली मान घालायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

त्याचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. थोरला म्हणून तो शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली बसायचा, आणि वडिलांनी आखून दिलेल्या अक्षरांत रंग भरायचा. रंग भरताना त्याचा हात रेषेच्या बाहेर कधी गेला नाही. वडील शेजाऱ्यांना त्याचा हात दाखवायचे, बघा म्हणायचे, कसा स्थिर आहे. एकदा घाईची पाटी होती. वडील बाहेर गेले आणि सगळी पाटी त्याच्यावर सोडून गेले. गिऱ्हाईक घ्यायला आलं, पाटीकडं बघत राहिलं, आणि मग जे हसायला लागलं ते रस्त्यावरची माणसं गोळा होईपर्यंत हसत राहिलं. वडील आले. त्यांनी पाटी पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्यापुढं रंगाचे दोन डबे ठेवले आणि यातला लाल कुठला ते विचारलं. त्यानं एकावर बोट ठेवलं. वडिलांनी मारलं नाही. मारलं असतं तर ते तिथंच संपलं असतं. त्यांनी त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला, फडक्यानं पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, जणू त्याला काही लागलं होतं, आणि धाकट्याला हाक मारली. त्या दिवसापासून तो त्या दुकानाच्या पायरीवर बसला, आत गेला नाही. पुढं कधी कुणी मुलांची चौकशी केली की वडील धाकट्याबद्दल भरभरून बोलायचे, आणि त्याच्यावर आले की म्हणायचे, "त्याला वगळा." एवढंच. वडील गेले त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली होती, पण अजून कुठं रांगेत उभं असताना, कुठं हजेरी घेत असताना, त्याला वाटायचं की आपल्यापाशी आल्यावर कुणीतरी तो शब्द उच्चारणार. या नोकरीच्या वेळी डोळ्यांची तपासणी होती. रंगीत ठिपक्यांच्या पानांत लपलेले आकडे ओळखायचे होते. त्यानं दाराबाहेर उभं राहून पुढच्यांची उत्तरं ऐकली, त्याच क्रमानं पाठ केली, आणि आत जाऊन न अडखळता म्हणून दाखवली. डॉक्टरनं मानही वर केली नव्हती. बायकोला हे लग्नानंतर कळलं, आणि तिनं ते ठेवणीतल्या दागिन्यासारखं जपलं. रोज सकाळी तीच त्याचे कपडे काढून ठेवायची, चारचौघांत कधी चकार शब्द काढायची नाही. फक्त भांडण शिगेला पोचलं की तो दागिना बाहेर निघायचा. "तुम्हाला काय कळतंय," ती म्हणायची, "तुम्हाला साधे रंग कळत नाहीत."

पहिले काही दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. टिपका कधी किंचित मंद वाटायचा, आणि मंद म्हणजे लाल असं तो मनाशी ठरवायचा. मग पांढरं खोकं यायचं आणि सगळं उलटंपालटं व्हायचं. तो अंदाजानं उचलत होता, अंदाजानं सोडत होता. मग एकदा खाली पडलेला हातमोजा घ्यायला वाकला असताना त्याला स्कॅनरच्या माथ्यावरची दिव्यांची ओळ तिरकी दिसली, आणि त्यातला तिसरा दिवा लागताना दिसला. लागला, लागला, नाही लागला, लागला. लेबल वाचलं की तिसरा दिवा लागत होता, नाही वाचलं की विझलेला राहत होता. रंग कुठलाही असो, जागा होती! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तो डाव्या खांद्यावर मान टाकून, गुडघ्यात थोडा वाकून काम करायला लागला. संध्याकाळी मान वर होत नसे. लोक विचारायचे, मान लचकली का. तो म्हणायचा, उशी बदललीय. घरी बायको मानेला मलम चोळायची आणि चोळता चोळता काहीच विचारायची नाही, आणि तिच्या त्या न विचारण्याचं ओझं मानेपेक्षा जास्त व्हायचं. पण काम बरोबर होत होतं. तो पुन्हा घार झाला होता, जरा वाकडी घार. आणि एके दिवशी सकाळी येऊन बघतो तर मेकॅनिकनं स्कॅनरवर पत्र्याची टोपी बसवली होती. खोक्यांची धूळ दिव्यांत जात होती, मेकॅनिक म्हणाला. बटणापाशी हात जाईल एवढी झडप ठेवली होती. दिवे सगळे झाकले गेले होते.

त्याच आठवड्यात खोकी वाट चुकायला लागली. गोदाम औषधांचं होतं, माल दवाखान्यांना जायचा. एका दवाखान्याची इंजेक्शनं भलत्याच गावच्या गाडीत गेली, तिथून कुणीतरी फोनवर खूप ओरडलं, आणि साहेब खाली आले. त्यांनी आवाज चढवला नाही. साहेब आवाज चढवणारे नव्हतेच. त्यांनी फक्त विचारलं की हे तुमच्या नजरेतून सुटलंच कसं. त्याच्या तोंडून निघून गेलं, की लेबलांचा डिंक हल्ली धड नाही, आधी वाचली जातात आणि पुढं जाऊन सुटतात. साहेबांनी वहिनींकडं पाहिलं. त्या समोर बसून लेबलच लावत होत्या. त्यांचा नवरा पूर्वी इथंच माल चढवायचा, पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, आणि त्याच्या जागी साहेबांनी यांना घेतलं. म्हणून त्या सगळ्या गोदामाच्या वहिनी. त्यांनी हातातलं लेबल खोक्यावर ठेवलं, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले, नख घालून उचकटायचा प्रयत्न केला. ते उचकटलं नाही. साहेब वर गेले. वहिनींनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, रागानं नाही, नुसतंच, आणि बराच वेळ. नंतर दिवसभर त्या अधूनमधून बघत राहिल्या. खोक्याकडं, त्याच्या हाताकडं, परत खोक्याकडं. दुपारनंतर एक खोकं स्कॅनरखालून निघालं आणि वहिनींच्या हातातलं चिकटपट्टीचं लोखंडी यंत्र टेबलावर टक् असं वाजलं. त्यानं ते खोकं जाऊ दिलं. पुढचं वाजलं नाही. त्यानंतर तीन-चार वाजली नाहीत, मग पुन्हा टक्. यावेळी त्याचा हात त्याला न विचारता पुढं झाला आणि त्यानं ते खोकं उचललं. वहिनींनी ते त्याच्या हातातून घेतलं, लेबल सोलून काढलं, नवं लावलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मग दिवस सुरळीत जायला लागले. टक् म्हणजे लाल, शांतता म्हणजे हिरवा. जुनंच, फक्त उलटं करून. मान सरळ झाली. साहेब पुन्हा पाहुण्यांना घेऊन थांबायला लागले. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, सकाळी कामाला लागताना पहिला टक् ऐकला की. पण त्या हायसं वाटण्याच्या तळाशी काहीतरी कुजत होतं. त्याचे दोन्ही डोळे आता एका बाईच्या हातात होते. तिनं ते खाली ठेवले की संपलं. ती खोकली तरी तो दचकायचा. ती कुणाशी कुजबुजून हसली की त्याचे कान तापायचे. एकदा तिला ताप आला, आली नाही. तो तासाभरातच पोट धरून संडासात जाऊन बसला, आणि दाराच्या फटीतून येणारा पट्ट्याचा आवाज ऐकत, घामानं भिजत, दुपारपर्यंत तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी ती आली. पाण्याच्या पिंपापाशी दोघंच होती. तिनं पेला भरून त्याच्यापुढं धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या धाकट्या भावालाही रंग कळत नव्हते. त्यात लाज कसली, दादा? मी आहे तोवर काळजी करू नका." त्यानं पाणी प्यायलं. पेला विसळून उपडा ठेवला. मान हलवली. आणि जागेवर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला कळलं की आपल्याला ह्या बाईचा द्वेष वाटतोय. असा द्वेष त्याला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता, वडिलांचाही नाही. वडिलांनी त्याला वगळलं होतं. हिनं त्याला आपल्यात घेतलं होतं, भावाच्या शेजारी नेऊन बसवलं होतं, कीव करायच्या माणसांच्या पंगतीत. 'मी आहे तोवर.' हे तीन शब्द तो घरी घेऊन गेला, जेवताना चावत राहिला. टक् झालं की आता त्याला वाटायचं, ती आपल्या टाळूवरच ते यंत्र मारतेय.

बटणाचा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरला हे सांगता येणार नाही. मेकॅनिक काम करताना बडबड करायचा, आणि त्याचं सगळं ऐकून घेणारं गोदामात तोच एक होता. बटण नुसतं दाबलं की चाचणी. दाबून धरलं की चार दिवे एकामागून एक लागत जातात, आणि जो दिवा लागला असताना बोट काढाल ते काम स्कॅनर करतो. दुसऱ्यावर नेम धरतो, तिसऱ्यावर उजेड जुळवून घेतो. चौथ्यावर शिकतो. म्हणजे त्याच्यासमोर जे लेबल धरलेलं असेल ते शिकून घेतो आणि आधीचं सगळं विसरतो. "लहान मुलापेक्षा वाईट," मेकॅनिक म्हणाला होता, "शिकवाल तेवढंच येतं." इथं रंगाचा प्रश्न नव्हता, जागेचा होता, आणि जागा ही तर त्याची हुकमत होती. त्याचा हिशेब साधा होता. नवा स्कॅनर असा वारंवार बिघडायला लागला की वरचे लोक कंटाळतील, आणि जुना, टीं-टीं करणारा, पुन्हा कमानीवर चढेल. मग ना टिपका, ना टक्, ना कुणाचं 'मी आहे तोवर'. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर अंगणात जायचे. वहिनी तेवढ्या आपल्या टेबलापाशीच डबा खायच्या, आणि डबा संपला की नळावर धुवायला जायच्या. तेवढीच फट होती. त्या उठल्या तसा तो शिडीच्या दोन पायऱ्या चढला, आपल्या साबणाच्या वेष्टनावरच्या काळ्या रेघा स्कॅनरसमोर धरल्या, झडपेतून बोट आत घातलं आणि टोपीच्या फटीतून दिवे मोजले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. बोट काढलं. हात थरथरत नव्हता. रेषेच्या बाहेर न जाणारा तोच हात. खाली उतरून वळला तर नळापाशी वहिनी पाठ वळवून उभ्या होत्या, डबा धूत होत्या. डबा कधीच धुवून झाला होता. नळ बंद होता.

सुट्टी संपून पट्टा सुरू झाला. टक्. टक्. टक्. प्रत्येक खोक्याला टक्. तो उचलत गेला, खोक्यांचा ढीग टेबलावर चढत गेला, आणि मग टक् थांबलं. वहिनींनी यंत्र खाली ठेवलं होतं आणि हात मांडीवर घेतले होते. आता मात्र त्यालाच हात वर करून पट्टा थांबवायला लागला. मेकॅनिक आला, शिडीवर चढला, टोपी काढली, आणि चहा निवायच्या आत सगळं पूर्ववत करून खाली उतरला. उतरताना म्हणाला की हे आपोआप होत नसतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय. त्यानं शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं की मग जुनाच परत लावला तर. मेकॅनिक हसला. जुना केव्हाच भंगारात गेला होता. त्याचे तुकडेही झाले असतील.

साहेबांनी दोघांना वर बोलावलं. केबिनमध्ये गारवा होता, खिडकीत एक कुंडी होती, तिच्यातल्या झाडाला कसलीतरी फुलं आली होती. लाल असतील किंवा हिरवी पानंच असतील. साहेबांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मी बटणाला हात लावलेला नाही." मग कुणी लावला, साहेबांनी विचारलं. वहिनींनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि वाट पाहत राहिल्या. त्याच्या छातीत धडधडत होतं, आणि तरीही त्या क्षणी त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवली, की ही बाई बोलणार नाही. कितीही झालं तरी बोलणार नाही. भावासारखा मानलाय तिनं. हे कळलं आणि त्याची धडधड थांबली. साहेबांनी त्याला विचारलं, तुम्ही काही पाहिलंत का. "मी बाहेर होतो," तो म्हणाला. "सुट्टीत वहिनी आत बसतात, एवढं मला ठाऊक आहे." वहिनी म्हणाल्या, "हो. मी आत बसते." साहेबांना वाईट वाटलेलं दिसलं. आधी लेबलं, आता हे, ते म्हणाले. नवऱ्याकडं बघून ठेवलं होतं तुम्हाला, पण औषधांचं काम आहे.

संध्याकाळी त्या आपलं सामान घ्यायला टेबलापाशी आल्या. डबा, रुमाल, खुर्चीवरची पातळ गादी. चिकटपट्टीचं यंत्र गोदामाचं होतं. ते त्यांनी पुसून टेबलावर नीट ठेवलं. तो हातमोजे काढत होता, एकेक बोट सोडवत, आणि त्यांनी जावं याची वाट बघत होता. "मी बोलले असते तर तुम्ही गेला असता," त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली. त्याला विचारायचं होतं, मग का नाही बोललात. विचारलं नाही, पण त्यांनी उत्तर दिलं. "मला वाटलं, तुम्ही बोलाल." बस्स. मग त्या गादी काखेत मारून फाटकाकडं चालायला लागल्या. चालताना त्यांचा एक पाय किंचित ओढत होता. इतक्या दिवसांत त्यानं त्यांना बसलेलंच पाहिलं होतं. घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे बाईनं स्कॅनर बिघडवला आणि तिला काढली, एवढं सांगितलं. बायको भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, बरं झालं. झोपेत तुम्ही कुणाला तरी थांब, थांब म्हणायचात, मला वाटलंच होतं त्या बाईचं काहीतरी असणार. आणि त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं. चारचौघांसारख्या पुरुषांवर घेतात तसला साधा, धडधाकट संशय त्याच्यावर घेतला गेला होता. त्यानं तो खोडून काढला नाही. रात्री त्याला गाढ झोप लागली.

नवा लेबलवाला येईपर्यंत पट्टा बंद होता, आणि तेवढ्या वेळात तो आपणहून साहेबांकडं गेला. त्यानं सुचवलं की दोन माणसांची नजर असलेली बरी. टिपका पडला की समोरच्या लेबलवाल्यानं रंग मोठ्यानं म्हणायचा, मग पट्ट्यावरच्या माणसानं खोकं उचलायचं किंवा सोडायचं. म्हणजे चूक व्हायला जागाच नको. साहेबांनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि तोच नियम करून टाकला. नवा माणूस त्याच्याच वयाचा होता, केस पिकलेले, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. कुठल्याशा छापखान्यात आयुष्य गेलं होतं, छापखाना बंद पडला म्हणून इथं आला होता. हात सुरेख होता, लेबल असं लावायचा की जणू खोक्यावरच छापलंय. पहिलं खोकं निघालं. टिपका पडला. नव्या माणसानं तोंड उघडलं, त्याची हनुवटी थरथरली, मानेची शीर फुगली, आणि खोकं हातभर पुढं गेल्यावर तोंडातून बाहेर पडलं, "हि-हि-हि-हिरवा." माल चढवणाऱ्यांतला एकजण जागीच थांबला. दुसरं खोकं आलं. "ला-ला-ला—" पलीकडून कुणीतरी चाल लावून दाद दिली आणि सगळं गोदाम हसलं. दुपारपर्यंत त्या माणसाला 'रेडिओ' हे नाव पडलं होतं.

सुट्टीत रेडिओ त्याच्यापाशी आला. बोलायला त्याला फार वेळ लागला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की लाल पडला तर मी हात वर करीन, चालेल का. काम तेच, चूक होणार नाही. मागणी रास्त होती. हात वर केलेला त्याला दिसला असता, स्वच्छ दिसला असता, शब्दापेक्षा आधी दिसला असता. तो क्षणभर त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिला. हात वर करणं ही मदत झाली असती, आणि मदत त्यानं एकदा घेऊन पाहिली होती. बोलणं हा नियम होता. नियमाचे उपकार होत नाहीत. "साहेबांचा नियम आहे," तो म्हणाला. "तोंडानंच म्हणायचं. आणि जरा मोठ्यानं, पट्ट्याच्या आवाजात ऐकू येत नाही." रेडिओनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

आता तो त्याला रोज दिवसभर बोलायला लावतो. माल चढवणारे पहिले काही दिवस हसले, मग त्याच्यावर पैजा लावायला लागले, मग कंटाळले. आता नवीन कुणी आलं तरच हसतात. घार त्या तोतऱ्याला माणसात आणतेय, असं साहेब परवा कुणालातरी सांगत होते. रेडिओचा घसा बसलाय. मधूनमधून तो पाणी पितो, डोळे मिटतो, पुन्हा उघडतो. आज सकाळपासून त्याचं फारच अडत होतं. एक मोठं खोकं स्कॅनरखालून निघालं, टिपका पडला, आणि रेडिओच्या तोंडातून काही केल्या काही निघेना. शीर फुगली, डोळे पाण्यानं भरले, खोकं सरकत सरकत पुढं चाललं. तो खोक्याकडं बघत नव्हता. किती दिवसांत त्यानं खोक्याकडं पाहिलेलंच नव्हतं. तो रेडिओच्या उघड्या तोंडाकडं बघत होता. 'हि' असली की त्या तोंडात नुसती हवा कोंडते, जीभ खालीच पडून असते. 'ल' असला की जीभ वर जाते, वरच्या दातांमागं जाऊन चिकटते आणि तिथं फडफडत राहते, पिंजऱ्याच्या दाराला चोच लावलेल्या पाखरासारखी. जीभ वर गेली होती. शब्द यायच्या कितीतरी आधी त्यानं हात पुढं करून खोकं उचललं आणि रेडिओच्या पुढ्यात ठेवलं. रेडिओनं तोंड मिटलं, थुंकी गिळली, आणि सुटकेनं लेबल सोलायला बोट पुढं केलं.

"थांबा," तो म्हणाला. "आधी म्हणा."